पिवळं न झालेलं पाणी

अख्खं नाशिक चिमाजीच्या हातचं पाणी प्यायचं. (अख्खं म्हणजे सातपूरची एक गल्ली, आणि हातचं म्हणजे महापालिकेच्या नोकरीत असताना तो तिथला व्हॉल्व फिरवायचा, तोही कधी कधी उलटा.) रिटायर झाल्यावर फिरवायला व्हॉल्व उरला नाही, म्हणून तो माणसांची फिरकी घेऊ लागला.

त्या सकाळी आरोग्य खात्याची रोशनी घरोघर पाणी तपासत येत होती. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, वर थेंब टाकायचे. पिवळं झालं की समजायचं क्लोरीन आहे, बिनधास्त प्या. चिमाजीला हे पाठ. बायकोला, विमलाबाईला, मात्र त्याने कानात सांगितलं, "पाणी पिवळं झालं ना, की घरची बाई नवऱ्याशी खोटं बोलते म्हणायचं. सरकारी टेस्ट हाय!"

आणि ओट्यावर जाऊन गालातल्या गालात हसत बसला. ऊन कोवळं होतं. बऱ्याच वेळाने विमलाबाईने तांब्या आणून दिला. तो घटाघटा प्याला अन् त्याने डोळे मिटले. गंगापूर धरणातून निघालेलं पाणी जमिनीखालून, झोपलेल्या घरांच्या उशाखालून, गुपचूप चालत आपल्याकडे येतंय, असं त्याला दिसू लागलं.

"आज लय गोड लागतंय गं," तो पुटपुटला, आणि दुसरा तांब्या मागितला.

रोशनी आली. तिने माठातलं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले. पाणी होतं तसंच नितळ राहिलं.

"क्लोरीन नाहीच, मावशी! गल्लीचं पाणी बंद करायला सांगते. लाइन तपासेपर्यंत कुणी पिऊ नका."

शेजारची भागीबाई धावतच आली. "अगं बाई, संध्याकाळी पोरीचा साखरपुडा! पाहुण्यांना काय पाजू?"

चिमाजीची तंद्री खाडकन उतरली. "माझ्या लाइनीत खोट? शक्यच नाय! नळाचं बघ."

नळाचं पाणी छान पिवळं झालं. भागीबाईने नळालाच हात जोडले.

"मग माठात कुठलं, मावशी?"

"मागच्या विहिरीचं," विमलाबाई पदराशी चाळा करत म्हणाली. "विहीर साऱ्या गल्लीची, ती एकट्या माझी चुगली कशी करील? पिवळं होऊ नये म्हणून माठ ओतून पुन्हा भरला. यांनीच सांगितलं होतं, पिवळं झालं म्हणजे बाई खोटारडी."

"फसली! फसली!" चिमाजी मांडी थोपटून हसला. (मग त्याला ते दोन तांबे आठवले, आणि पोटात विहीर गुरगुरली.) पोट धरूनही खोड जाईना. "पण एवढी भ्यालीस का गं? माझ्याशी खोटं तरी काय बोलतेस?"

"लग्न झाल्यापासून तुमच्या गमतींना हसतेय," विमलाबाई म्हणाली, "ते काय खरं वाटलं?"