बस्त्यांव मेस्तांची नाव

रविवारी इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, मिस्साची प्रार्थना सुरू व्हायच्या आधी बस्त्यांव मेस्त माणसं हलवत. एखाद्या धिप्पाड गृहस्थाला खांद्याला धरून मधल्या बाकावर आणत, दोन किडकिडीत भावांना भिंतीकडे सरकवत. कारण विचारलं तर म्हणत, "नाव कलता."

मेस्त होड्या बांधणारे सुतार. मालवणात त्यांचं घर माझ्या घराला लागूनच. मी शाळामास्तर, धर्मानं हिंदू. पण इगर्जीत अधूनमधून जाई, आणि खरं सांगायचं तर मेस्तांची गंमत बघायला जाई. इगर्जीच्या मधल्या लांब दालनाला ते 'नाव' म्हणत. वर बघा, म्हणत, होडी उपडी घातली की आतून अश्शाच फासळ्या दिसतात. सुताराच्या डोक्यात भुसाच असायचा, म्हणून लोक सोडून देत.

सत्तावन-अठ्ठावनच्या सुमाराला वसईकडचे नवे फादर आले. त्यांनी विचारलं, "या दालनाला इथं काय नाव आहे?"

"नाव."

"हो, पण काय?"

"नाव, फादर."

फादरांनी माझ्याकडे केविलवाणं पाहिलं. मी खुलासा केला, तसे ते बाकावर बसलेच. लॅटिनमध्ये जहाजाला नाविस म्हणतात, म्हणाले, आणि त्यावरूनच या दालनाला इंग्रजीत 'नेव्ह' हे नाव पडलं असं जाणकार सांगतात. मेस्तांना काडीचंही नवल वाटलं नाही. "लॅटिनवाल्यांका पण कळलां तर," एवढंच बोलले. पुढे महिनाभर त्यांच्याशी बोलायची सोय उरली नाही.

वर्षभरानं त्यांची बायको कात्रीनबाय वारली. त्यानंतर मेस्त पुरुषांची बाजू सोडून बायकांच्या बाजूला, तिसऱ्या बाकाच्या टोकाला बसायला लागले. कुजबुज झाली. त्याच बाकावरच्या आगुस्तीनबायनं तर फादरांकडे तक्रारच नेली, आणि एका रविवारी मिस्सा संपल्यावर फादरांनी मेस्तांना थांबवून घेतलं. मीही थांबलो.

मेस्तांचं उत्तर तयार होतं. कात्रीन गेल्यापासून ती बाजू हलकी झालीय, नाव कलते. फादर हसले नाहीत. ते म्हणाले, तिथं एखादी अंगानं भरलेली बाई बसवू, भार सारखा होईल. तुम्ही आपल्या जागी या.

मेस्तांनी वर छपराकडे पाहिलं. मग त्यांनी पहिल्यांदाच नाव मध्ये आणली नाही.

"भाराचां निमित्त, फादर. थंय बसलंय की माका बरां वाटता. घरात तिची जागा खंयची, ता माका सांगूक येवचा नाय. चूल, विहीर, अंगण. घरात ती कधी बसलीच नाय. बसलेली बघलंय ती हयच."

आगुस्तीनबाय दारातच उभी होती, सगळं ऐकून ती निघून गेली.

पुढच्या रविवारी मेस्त जरा उशिरा आले. तिसऱ्या बाकावर आगुस्तीनबायनं टोकाच्या जागेवर आपला रुमाल टाकून ठेवला होता. ते जवळ आल्यावर तिनं तो उचलला आणि सरकून बसली.