सरावाची टकलं

वैजनाथअप्पा बोलताना माणसाच्या डोळ्यांत बघत नाहीत. कपाळाच्या चार बोटं वर बघतात. नव्या माणसाला वाटतं, आपल्या डोक्यावर पाल बसलीय. तो हळूच हात फिरवून बघतो. अप्पा म्हणतात, "हात काढा जरा. भोवरा झाकायलाव तुमी."

लातूरच्या निम्म्या माणसांची नावं अप्पांना ठाऊक नाहीत, पण भोवरे पाठ आहेत. बाजारात कुणी पाठमोरा दिसला तरी सांगतील, "ह्यो डाव्या भोवऱ्याचा रेणापूरचा हाय. ह्याच्या लेकीच्या लग्नाची शूटिंग मी केलती." आणि तो निघतो रेणापूरचाच. हे मी वाढवून सांगत नाही. म्हणजे थोडं वाढवतोय, पण रेणापूर खरं आहे.

धंदा लग्नाच्या व्हिडिओचा. क्लासेसच्या गल्लीत वरच्या मजल्यावर मी पोरांना गणित शिकवतो आणि माझ्या पायाखाली, तळमजल्यावर, अप्पांचं दुकान. पण त्यांचा जीव लग्नांत नव्हता. त्यांना पडद्यावर केस उगवायचे होते. तुळतुळीत डोक्यावर कोंब फुटावेत, बघता बघता ते कपाळावर यावेत आणि बघणाऱ्याला ते खरे वाटावेत. मोठ्या शहरात म्हणे ह्या कामाला माणसांची फौज लागते. अप्पांकडं होता बंद पडलेल्या नेट कॅफेतून उचललेला एक कम्प्युटर, फुकटात उतरवून घेतलेलं सॉफ्टवेअर आणि गावातले टकले.

खरा केस कसा वाढतो हे बघायला त्यांना एकच डोकं हवं होतं, पहिल्या दिवसापासून. असं डोकं कुठं मिळणार? ज्याचा बाप वारला त्याच्याकडं. गल्लीतले एक म्हातारे देशमुख वारले. थोरल्यानं मुंडण केलं आणि दुसऱ्या दिवसापासून अप्पा रोज सकाळी आठला त्याच्या दारात. तीच खुर्ची, तीच खिडकी. तो खाली मान घालून बसायचा, अप्पा टाळूचा फोटो घेऊन निघायचे. चाळीस दिवस! गल्लीला वाटलं, काय माया हाय ह्या माणसाची मयतावर. देशमुखकाकू तर त्यांना सख्ख्या दिराच्या वर मानायला लागल्या. पुढंपुढं मात्र अप्पा कुठल्या आजारी माणसाच्या घरावरून गेले, की आतले लोक दार लावून घ्यायचे.

हसून झालं असेल तर एक गोष्ट आताच सांगून टाकतो. अप्पांना केस उगवायचे होते ते एकाच डोक्यावर. देशमुखांचा थोरला काय, मी काय, आम्ही सगळी सरावाची टकलं.

अप्पांचं गाव औशाच्या पलीकडं. त्यांची लेक महानंदा दीड वर्षाची असताना तिचं जावळ काढलं. फोटोवाला लातूरहून एसटीनं येणार होता, गाडीला उशीर झाला. वहिनी, म्हणजे अप्पांची बायको, म्हणाल्या, "थांबा की जरा. आदी केसांचा फोटो निघू द्या." अप्पा म्हणाले, "मुहूर्त थांबत न्हाई. फोटो काय, मागनं बी निघतो." फोटोवाला आला तेव्हा पोरगी मामाच्या मांडीवर बसली होती. बोडकं डोकं, टाळूला हळद, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक. तोच एक फोटो निघाला.

पुढच्याच आठवड्यात भूकंप झाला. अप्पा शेतात पाण्याच्या पाळीवर होते म्हणून वाचले. वहिनींना लोकांनी दाराच्या चौकटीखालून काढलं. पोरगी त्यांच्या कुशीतच होती. ती राहिली नव्हती.

घरातलं काही म्हणजे काही हाती लागलं नाही. फोटो तेवढा उरला, कारण तो लातूरला धुवायला टाकलेला होता. अप्पा तो आणायला त्या स्टुडिओत गेले, ते तिथंच कामाला राहिले. पत्र्याच्या शेडमधनं नव्या वसाहतीत, तिथनं लातूरला, असा त्यांचा संसार सरकत आला. दुसरं लेकरू झालं नाही. वहिनींनी त्या फोटोवरून अप्पांना कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. फक्त एकदा, तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "मला आता ती बोडकीच दिसती. केस कसे व्हते ते आठवंना गेलं."

त्या दिवसापासून हा उद्योग.

आता माझी कथा. क्लासेसचा हंगाम जोरात होता. भोकरपासून उदगीरपर्यंतची पोरं ट्रंका घेऊन लातुरात उतरत होती. लोकल केबलवर प्रत्येक क्लासची जाहिरात. अप्पा म्हणाले, "सर, तुमची मी करतो. फक्त डोकं द्या."

डोकं दिलं. अप्पांनी वहिनींच्या पाकिटातल्या सात टिकल्या माझ्या टकलावर चिकटवल्या. मी मान हलवली की टिकल्या हलणार आणि त्या धरून कम्प्युटर केसांना हलवणार, अशी ती युक्ती. शूटिंग झालं, घंटा झाली, मी तसाच वर्गात गेलो. दीडशे पोरांना मी फळ्याकडं तोंड करून गणित शिकवतो, म्हणजे टिकल्या पोरांकडं. एक पोरगं उठून म्हणालं, "सर, नक्षत्राचा धडा हाय का आज?"

महिनाभर काम चाललं. "दोनशे केस मी हातानं लावतो," अप्पा सांगायचे, "बाकीचे कम्प्युटर त्यांचं बघून लावतो. पर सावली पायजे, सर. केसाची सावली टाळूवर पडली न्हाई की टोप दिसतो." पहिल्या खेपेला केस माझ्या कानांतून आले. दुसऱ्या खेपेला फळ्याला फुटले. तिसऱ्या खेपेला सगळं बरोबर जमत होतं, तर लाइट गेली. चौथ्या खेपेला मात्र माझ्या डोक्यावर असं रान माजलं, की माझ्या बायकोनं जाहिरात बघून माझ्याकडं असं पाहिलं जसं लग्नाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

भोकरचे एक पाटील पोराला घेऊन आले. "ते टीव्हीतले केसवाले सर कुठंत?"

"मीच तो."

"मग केस कुठं गेले?"

"शिकवण्यात गेले."

पाटलांनी पोराला तिथंच बसवलं. म्हणाले, "एवढं झिजणारा माणूस मिळणार न्हाई."

लोक अप्पांना मुंबईला जा म्हणायला लागले. अप्पा खूश नव्हते. माझ्या डोक्यावर कुणाचेही केस चालत होते. त्या एका डोक्यावर चालणार नव्हते. अडचण साधी होती. महानंदाचे केस कसे होते, हे अप्पांना आठवत नव्हतं. ते सांगायचे, "मी कधी येणीफणी केली असती तर आठवलं असतं. सांजच्याला यायचो, ती झोपलेली." वहिनींना विचारायची हिंमत नव्हती.

एक दिवस वहिनीच माझ्या दारात आल्या. चेहरा उतरलेला. "सर, आमच्या घरावर कुणीतरी करणी करायलंय."

"काय झालं?"

"आदी टिकल्या गेल्या. मी गप बसले. आता गुंतवळ जायली. फणीतले केस मी कोनाड्यात ठिवते, भांडेवालीला देऊन वाटीबिटी घ्यायला. कोनाडा रोज रिकामा. बाईचे केस कुणी चोरतंय का हो चांगल्या कामाला?"

माझ्या पोटात गोष्ट राहत नाही, हे एव्हाना तुमच्या ध्यानात आलंच असेल. मी सगळं सांगितलं. टिकल्यांपासून.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग जिना उतरल्या आणि दुकानात शिरल्या. मी मागं. अप्पा खुर्चीतून उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले.

"दावा," वहिनी म्हणाल्या.

"अगं, आजून जमलं न्हाई..."

"दावा म्हणलं ना."

अप्पांनी बटण दाबलं. मामाची मांडी, हळद लावलेली टाळू. टाळूवर काळसर झाक आली. झाकेचे कोंब झाले, कोंब बोटभर झाले, कपाळावर उतरले, कानामागं वळले. सावलीसकट. मी शंभर वेळा हा खेळ माझ्या डोक्यावर बघितला होता, तरी माझा हात आपसूक माझ्या टाळूवर गेला.

वहिनी वाकून जवळ गेल्या. "हे माझे केस हायत."

"हाव," अप्पा म्हणाले. "तिचे आठवंनात. म्हणून तुझे घेतले. गुंतवळ बघून बघून लावले."

"लेकराचे मऊ असत्यात." वहिनींनी काचेवर बोट ठेवलं, पोरीच्या कानाच्या पाळीशी. "थांबवा. थांबवा! इथवरच व्हते."

अप्पांनी थांबवलं. खाली व्हिडिओची पट्टी जेमतेम बोटभर सरकली होती. वीतभर अजून पुढं होती. वहिनींच्या ते ध्यानात आलं.

"म्होरं काय हाय?"

अप्पा पट्टीकडं बघत म्हणाले, "वाढत्यात. शाळेच्या दोन येण्या. मग एक लांब. मग आंबाडा... गजरा बी लावलाय." मग म्हणाले, "केस वाढवता आले. तोंड न्हाई वाढवता येत मला. ते तसंच ऱ्हातं."

वहिनींनी काचेवरचं बोट काढून घेतलं.

"म्होरचं मी बघणार न्हाई," वहिनी म्हणाल्या.

"पुसून टाकू?"

"कामून? तुमी बघत जावा." त्यांनी पदरानं काच पुसली. "मला इथवरचा काढून द्या."

अप्पांनी फोटोचा कागद लावला. प्रिंटर जुना, एकेक रेघ करत छापणारा. आधी केस बाहेर आले, मग कपाळ, मग डोळे. हनुवटी यायच्या आधीच वहिनींनी दोन्ही हात खाली धरले.