नजरेचं आमंत्रण

नुसत्या नजरेनं बाईमाणसाला नाचायला बोलवायचं, यात अवघड ते काय, असं मी छातीठोकपणे म्हणत होतो.

आमच्या जळोचीत रविवारी संध्याकाळी एका हॉलमध्ये टँगो चालतो. टँगो म्हणजे परदेशी जोडीनाच. बायको जाऊन दोन वर्षं झाली, लेक पुण्याला. घरात टीव्हीशिवाय बोलणारं कुणी नाही, म्हणून मी नाव घातलं. शिकवणाऱ्या संस्कृतीमॅडमनी रीत सांगितली. तोंडानं विचारायचं नाही, हात पुढं करायचा नाही. लांबूनच बघायचं. समोरच्यानं नजर देऊन मान हलवली तर होकार, नजर फिरवली तर नकार. चारचौघांत कुणाचा अपमान नाही.

मी आठवडाभर सराव केला. आधी आरशावर, मग दूधवाल्या दीपकवर. मी टक लावून मान हलवली की तो आणखी अर्धा लिटर ओतायचा. शनिवारी एकट्या माणसाच्या घरात तीन लिटर दूध!

रविवारी इस्त्रीचा शर्ट घातला. तरणं दिसावं म्हणून चष्मा खिशात ठेवला. पहिल्या फेरीला मी बघितलं की बायका छताकडं बघायच्या. दुसऱ्या फेरीला मोबाइलकडं. तिसऱ्या फेरीला खुर्च्यांवर दोघंच उरलो, मी आणि समोरच्या भिंतीला हिरव्या लुगड्यातल्या एक बाई. त्यांनी मान हलवली. मीही हलवली. त्यांनी परत हलवली, पार छातीपर्यंत. इतका ठाम होकार मला लग्नाच्या वेळीही मिळाला नव्हता.

नाचणाऱ्या जोड्यांतून वाट काढत, एकाचा पाय तुडवत मी पोचलो. बाईंचे डोळे मिटलेले होते. त्या डुलक्या घेत होत्या.

परत फिरावं, तर सगळा हॉल बघत होता. मी तसाच उभा राहिलो. गाणं संपलं तशा त्या दचकून जाग्या झाल्या. छबूबाई, निरवांगीच्या, नातीच्या सोबतीला आलेल्या. मी घडलं ते सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

“माझं गुडघं साथ देत न्हाईत,” त्या म्हणाल्या. “पर बसा की हितं. आल्यापास्नं माझ्याकडं कुणी बघितलंच न्हाय.”

मी खिशातला चष्मा लावला आणि बसलो. जेवण कोण करतं, त्यांनी विचारलं. मीच करतो आणि भाकरी रोज करपते, हे मी आजवर लेकीलाही सांगितलं नव्हतं, ते सांगून टाकलं. तवा किती तापवायचा ते त्या समजावत होत्या, तेवढ्यात पलीकडून खुद्द संस्कृतीमॅडमनी माझ्याकडं बघून मान हलवली. डोळे चांगले उघडे ठेवून.

मी नजर फिरवली. त्या संध्याकाळी माझ्या हातून रीतीप्रमाणं झालेली तेवढी एकच गोष्ट.