उसातला उड्डाणपूल

स्वप्नाली पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आणि चार दिवसांनी तिचा नवराही लॅपटॉप घेऊन आला, तेव्हाच आकाराम चौगुल्यांच्या मनात पहिली पाल चुकचुकली. बाळंतपणाला लेक येते हे बरोबर. पण जावई येऊन मुक्काम ठोकतो, हे कसबा बावड्यात कुणी ऐकलेलं नव्हतं.

"त्यांचं काम घरातनं चालतंय," स्वप्नालीनं सांगितलं.

"मग सोताच्या घरातनं का न्हाय चालत?" आकारामनी विचारलं, पण लेकीला विचारलं. जावयाला असं विचारता येत नाही. जावयाला आणखी एक भाकरी वाढायची, हवापाण्याचं बोलायचं आणि गप्प बसायचं.

ऋतुराज तसा पोरगा गुणाचा. खाली मान घालून जेवायचा आणि माडीवर जायचा. पण संध्याकाळी ऑफिसचं काम संपलं तरी तो खाली उतरत नसे. कानाला हेडफोन लावून कुणाशी तरी बोलत बसे. मधूनच गच्चीवर येऊन आकारामच्या उसाकडे बघे, हातानं हवेत गोल काढी आणि मोबाईलवर फोटो घेई. उसाचे फोटो. ऊस काय पळून चाललाय का, असं आकारामच्या तोंडावर येई आणि ते गिळून टाकत.

एके दिवशी चहा घेऊन ते स्वतःच माडीवर गेले. दार अर्धवट उघडं होतं.

"अरे, हायवेवरून उतरणारी गाडी अशी एकदम वळवली तर उलटेल," ऋतुराज हेडफोनमध्ये बोलत होता. "लूप मोठाच घ्यायला लागणार. सासऱ्यांचा ऊस बरोबर मधे येतोय. घेतला सगळा. विहीर बुजवली. कोपऱ्यातलं पत्र्याचं शेडही पाडलं... छे, त्यांना कुठं माहितीय?"

आकारामनी फटीतून बघितलं. पडद्यावर पंचगंगेचं वळण होतं, रस्ता होता आणि त्याच्या कडेला त्यांचंच शेत. त्यावर करड्या रंगाची एक भलीमोठी जिलेबी घातलेली होती आणि तिच्यावरून गाड्या पळत होत्या.

ते तसेच मागे फिरले आणि जिन्यात बसून जावयाचा चहा स्वतःच पिऊन टाकला.

फक्रुद्दीन मुल्लाणीचं ट्रॉल्या वेल्डिंग करायचं दुकान नाक्यावर होतं. तो आणि आकाराम शाळेपासूनचे दोस्त. आकारामनी त्याला बाजूला घेतलं.

"माझा जावई रस्तेवाल्यांचा माणूस हाय."

"तू तर म्हणालतास कॉम्प्युटरवाला हाय."

"कॉम्प्युटरवरच काढतोय की रस्ता. माझ्या उसातनं. हीर बुजवली म्हणाला."

"बुजवली?" फक्रुद्दीन म्हणाला. "सकाळीच पाणी पिऊन आलोय मी तितलं."

"नकाशात बुजवली, मर्दा. आधी नकाशात बुजवत्यात, मग खरी."

"मग इचार की सरळ."

"जावयाला? आन् रागानं लेकीला घिऊन गेला म्हंजे? दिवस भरत आल्यात तिचं."

फक्रुद्दीननं डोळ्यांवरचा काळा चष्मा कपाळावर चढवला. "देव बसव," तो म्हणाला. "देव असला की रस्ता वळतोय. सगळीकडं बघितलंय मी."

"देव आणू कुठनं?"

फक्रुद्दीननं ट्रॉलीच्या चाकाला अडसर म्हणून लावलेल्या गोल काळ्या दगडाकडे बघितलं. "दगड माझा, शेंदूर तुझा," तो म्हणाला.

दुपारी सगळं बावडं जेवून आडवं झालेलं असताना दोघांनी मोटरसायकलवरून दगड शेतात नेला. पुरुषभर उसातून वाट काढत मधोमध जाऊन तो रोवला. आकारामनी शेंदूर फासला, दोन जास्वंदी वाहिल्या आणि चुकून हात जोडले. फक्रुद्दीन लांब उभा राहून दगड सरळ बसलाय का ते बघत होता.

रात्री जेवताना आकारामनी हळूच विषय काढला. "पावणं, आमच्या उसात एक देव हाय बरं का. लई कडक."

संयोगिताकाकूंची आमटीची पळी जागच्या जागी थांबली. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी हा देव ऐकलेला नव्हता. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. नवरा भाकरीकडे बघत होता.

"खरंच?" ऋतुराज ताठ बसला. "नकाशावर तर काहीच दिसत नाही."

म्हणजे नकाशा आहेच, हे आकारामनी मनात टिपलं. "ऊस वाढलाय न्हवं. वरनं न्हाय दिसायचा."

"मग बदलायला पाहिजे. मामा, हे आधी सांगायला हवं होतं तुम्ही. जे खरं असेल ते मी तसंच ठेवतो."

दुसऱ्या दिवशी आकाराम चहा न घेताच जिन्यात जाऊन उभे राहिले. वरून आवाज आला, "देऊळ निघालं रे तिथं. लूप पलीकडं सरकवला. कुणी धैर्यशील म्हणून आहेत, त्यांच्या शेतात."

आकारामना इतका आनंद झाला की तो एकट्यानं सोसवेना. त्यांनी तो फक्त फक्रुद्दीनला सांगितला. फक्रुद्दीननं फक्त एका ट्रॉलीवाल्याला सांगितला. दिवे लागायच्या आत धैर्यशील निंबाळकर पाच-पंचवीस माणसं घेऊन चौगुल्यांच्या दारात उभा राहिला. तो सोसायटीचा संचालक. यंदा नगरसेवकाला उभं राहायचं त्याच्या मनात होतं आणि त्यासाठी तो एखाद्या आंदोलनाच्या शोधातच होता. माणसांना त्यानं दारात थांबवलं.

"तात्या, तुमचं पावणं कुठं हाईत? दोन शब्द बोलायचं हाय."

आकाराम त्याला माडीवर घेऊन गेले. आता काय होतंय याची त्यांना धास्ती होती. ऋतुराजनं मात्र हेडफोन काढून हसत खुर्ची पुढे केली. इतके दिवस या घरात त्याच्या कामाची कुणी चौकशी केली नव्हती.

"ह्यो रस्ता कुठनं न्यायचा, ह्ये कोण ठरवतंय?" धैर्यशीलनं विचारलं.

"मीच."

"वरनं परवानगी?"

"कुणाची लागत नाही."

"आन् पैसा?"

"पैसे अनलिमिटेड ठेवलेत. ती कटकटच नको."

धैर्यशीलनं आजवर साहेब बघितले होते, ठेकेदार बघितले होते, पण इतकं उघड बोलणारा माणूस बघितला नव्हता. "आन् ज्यांची घरं जात्यात, ती माणसं?"

"थोडा वेळ त्यांच्या डोक्यावर लाल चेहरा दिसतो," ऋतुराज म्हणाला. "मग ती आपोआप दुसरीकडं राहायला जातात."

आकारामना खरं तर जावयाची लाज वाटायला हवी होती, पण कुठंतरी थोडा अभिमानही वाटत होता. धैर्यशीलनं खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणला. "पावणं, आपल्या माणसात बोलतोय. आमच्या शेतातला रस्ता रद्द करायचा झाला, तर काय करावं लागंल?"

"काही नाही. हे बघा." ऋतुराजनं एक बटण दाबलं. करडी जिलेबी गेली आणि हिरवं शेत आलं. "परत आणू?" जिलेबी परत आली. "घालवू?"

"त्याच्यावर गाड्या हुत्या," धैर्यशील म्हणाला. "एक ॲम्ब्युलन्स हुती. ती कुठं गेली?"

"गेली. गेममधलीच तर आहे."

"गेममधली?"

"हो, गेमच आहे हा. शहर वसवायचा. बाकीचे लोक कसेही वेडेवाकडे रस्ते काढतात. आमचा ग्रुप आहे, आम्ही खऱ्यासारखे काढतो. उतार हळू पाहिजे, वळण मोठं पाहिजे, खालून आलेल्या गाडीला हायवेवर मिसळायला जागा पाहिजे. जमीनही खरी घेतो. ही तर गच्चीतूनच दिसत होती, म्हणून घेतली." त्यानं दोघांकडे बघितलं. "तुम्हाला काय वाटलं?"

आकारामच्या डोक्यावरून पोतं उतरल्यासारखं झालं. विहीर जागेवर होती, शेड जागेवर होतं, जावईही जागेवर होता. धैर्यशीलचं तसं नव्हतं. खिडकीतून त्याला खालची माणसं दिसत होती. त्यांतल्या दोघांनी तेवढ्यात कुठून तरी 'रस्ता हटाव'चा फलकही रंगवून आणला होता. आपण एका खेळाविरुद्ध मोर्चा आणला, हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगायचं?

"तात्या," तो सावकाश म्हणाला, "त्यो रस्ता आधी तुमच्यातनं जाणार हुता. मग का सरकला?"

"देऊळ निघालं ना तिथं," ऋतुराज मदतीला धावला.

"असं. कवापास्नं हाय वो ह्यो देव?"

आकारामनी जावयाकडे बघितलं. जावई उत्सुकतेनं त्यांच्याकडे बघत होता. "पयल्यापास्नं हाय की," ते म्हणाले.

धैर्यशील खाली गेला, पायरीवर उभा राहिला आणि त्यानं हात वर केला. "मंडळी, रस्ता रद्द झाला. माझ्या डोळ्यांदेखत पुसून टाकला. तात्यांच्या उसातल्या देवानं आपल्या सगळ्यांची जमीन राखली."

माणसं तशीच शेताकडे निघाली. आकाराम मागून धावत "आवं, ऊस हाय, ऊस" म्हणत राहिले. दगडापुढं नारळ फुटले. एका म्हाताऱ्यानं शेंदूर बघून सांगितलं की हा म्हसोबा, आणि लहानपणी मी आज्याबरोबर इथं येत असे. दुसऱ्यालाही ते आठवलं. फक्रुद्दीन गर्दीच्या कडेला उभा होता. त्याला कुणीतरी खोबरं दिलं. त्यानं ते तोंडात टाकलं आणि आकारामच्या नजरेला नजर दिली नाही.

मंगळवार आला तशी बायकांची रांग लागली. शिरोळकडूनही दोन गाड्या आल्या, कारण दरसाली पुरानं वेढल्या जाणाऱ्या गावांना रस्ता अडवणारा देव पाणीही अडवील असं वाटलं. उसात पायवाट पडली, मग बैलगाडीवाट, मग मोटरसायकली उभ्या राहू लागल्या. "ह्यो देव मी बसवलाय," असं आकारामनी एकदा धीर करून सांगितलं. ऐकणाऱ्यानं त्यांच्या पाया पडून "मग तुमच्यामुळंच की" म्हटलं. त्यानंतर त्यांनी तो नाद सोडला. संयोगिताकाकू तर रोज संध्याकाळी दिवा लावायला जाऊ लागल्या. त्यांना देव नवीन होता, पण लेक सुखरूप सुटावी म्हणून कुठल्याही देवाला दिवा लावायची त्यांची तयारी होती.

स्वप्नालीला मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं झालं आणि धैर्यशील बाळाला झबलं घेऊन आला. जाताना तो थेट माडीवर गेला. बराच वेळ झाला तरी खाली येईना, तेव्हा आकाराम वर गेले.

दोघं लॅपटॉपपुढं डोकी जुळवून बसले होते. पडद्यावर त्यांचं शेत होतं. मधोमध देऊळ होतं आणि सगळ्या उसातून करड्या रंगाची एक जिलेबी फिरली होती. आकारामना हायसं वाटलं. जावयाचा नाद त्यांना आता कळला होता. त्यांनी नातीला खांद्यावर घेतलं आणि कौतुकानं पडद्याकडे बघितलं.

"झकास झालाय, पावणं," ते म्हणाले. "खेळ लई भारी हाय तुमचा."

"नाही मामा, गेम नाही हा," ऋतुराज म्हणाला. "देवाला जायचा रस्ता आहे. परवापासून धैर्यशीलराव मुरूम टाकून घेणार आहेत. भाविकांच्या गाड्या समोरासमोर अडकू नयेत म्हणून जायची वाट वेगळी ठेवलीय आणि यायची वेगळी. वळणही मोठं घेतलंय. म्हणून ऊस जरा जास्त जाईल."