देहरादूनला घरचं माणूस

शेजारी बसलेला माणूस देवरावजींना अनोळखी ठेवता येत नाही. दारव्ह्याच्या जीपमध्ये बूड टेकायच्या आत त्यांचा सवाल येतो, ‘‘गाव कोन्तं?’’ मग सासर, आजोळ, साडभावाची बदली असं खणत ते थेट जिल्ह्याच्या टोकाला, मुकुटबनपर्यंत पोचतात. ओळख लागली की मांडीवर थाप मारतात, ‘‘पहा, निघाले ना घरचेच.’’ तहसिलीतून निवृत्त झाल्यापासून तर त्यांना दुसरा धंदाच नाही.

त्यांची एकुलती एक, आईविना वाढलेली स्नेहल नोकरीसाठी देहरादूनला निघाली, तेव्हा शेजारी म्हणून त्यांनी मला सोबत ओढलं. ‘‘गाव पाहून येऊ. मनाले नाही पटलं तं पोरीले वापस आनू,’’ हे त्यांनी गाडीतच बजावलं.

समोर मसुरीचा डोंगर उभा होता, पण देवरावजी माणसंच बघत होते. दुकानातल्या सरदारजींना विचारलं, ‘‘आपका गाव कोनसा?’’ त्यांच्या आजोबांचं गाव सरहद्दीपलीकडे राहिलेलं. चहावाला गढवालचा, चौकीदार नेपाळचा. संध्याकाळपर्यंत एकही धागा जुळेना. देवरावजींचा चेहरा उतरला.

‘‘एवढ्या गावचे लोकं हायेत इथं, पन आपलं कोनीच नाही. बाई, तू चाल घरी.’’

स्नेहल मान खाली घालून चालत राहिली. मला तिची फार दया आली.

तिच्या खोलीजवळ एक म्हातारी तिबेटी बाई विणता विणता स्वेटर विकत बसली होती. सवयीनं देवरावजींनी तिलाही विचारलं. तिचं विणकाम थांबलं. ‘‘बहुत ऊपर, तिब्बत में. छोटी थी, तब छूटा.’’ मग तिनं विचारलं, ‘‘और आपका?’’

दिवसभरात हा प्रश्न त्यांना कुणी उलट विचारला नव्हता. देवरावजी तिथंच टेकले. दारव्हा सांगितला, कापूस सांगितला, आणि स्नेहलच्या आईबद्दल सांगितलं, जे इतक्या वर्षांत मीही ऐकलं नव्हतं. बाई ऐकता ऐकता स्नेहलचा हात चाचपून तिला रागावली, ‘‘इतनी ठंड में इतने पतले कपड़े?’’

देवरावजींनी मांडीवर थाप मारली.

परतताना आम्ही दोघंच होतो. यवतमाळहून निघालेल्या जीपमध्ये एक माणूस शेजारी येऊन बसला. देवरावजींनी त्याचं गाव विचारलंच नाही.

‘‘माही पोरगी देहरादूनले राह्यते,’’ ते म्हणाले. ‘‘तिथं आपलं घरचं मानूस हाये.’’

आणि उपरण्यानं डोळे पुसत खिडकीबाहेर पाहू लागले.