समजा, इथे एक झाड आहे

तरीफ गाव मागे पडलं की करंदीकर गाडीची काच खाली करतात, उजव्या हाताच्या ओसाड वाळूकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "समजा, इथे एक झाड आहे."

तिथे झाड नसतं. तिथे विजेचे खांब असतात आणि नशीब चांगलं असेल तर एखादा उंट असतो. पण गेली पाच वर्षं मी दर सोमवारी त्या जागी एक झाड समजत आलो आहे. "सिक्वोया," करंदीकर सांगतात. "आता मला सांग, बुंधा केवढा?" प्रश्न त्यांचा, उत्तरही त्यांचंच. "या हायवेच्या तीन लेन बुंध्यातच गेल्या. उरलेल्या एका लेनमधून काढ तू गाडी."

आमची घरं अबूधाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीत आणि नोकऱ्या रुवैसच्या रिफायनरीत. सोमवारी सकाळी जायचं, आठवडाभर कंपनीच्या खोलीत राहायचं, शुक्रवारी दुपारी परत. एका फेरीला अडीच तास. गाडी माझी, मागच्या सीटवर शाजी नावाचा मल्याळी वेल्डिंग इन्स्पेक्टर, आणि माझ्या शेजारी करंदीकर, म्हणजेच अमेरिकेतली सगळी त्रेसष्ट नॅशनल पार्कं.

करंदीकर स्वतः अमेरिकेला कधी गेलेले नाहीत. नोकरीने सेफ्टी ऑफिसर, वय एकोणसाठ, आणि परदेश म्हणजे अबूधाबी सोडून फक्त मस्कत. न्यूयॉर्क कुठल्या किनाऱ्यावर आहे हे विचारलं तर म्हणतात, "असेल कुठेतरी." पण जगातल्या सगळ्यात उंच झाडाचा पत्ता लोकांनी बुंधा तुडवू नये म्हणून गुप्त ठेवलाय, हे त्यांना माहीत असतं. एक पार्क विषुववृत्ताच्याही खाली, सामोआत आहे, हेही माहीत असतं. आणि त्यांना माहीत असलेली गोष्ट दुसऱ्याला माहीत नसावी हे त्यांना बघवत नाही.

शाजीने पहिला महिना काढला. मग त्याने मोठे हेडफोन विकत घेतले. गाडी सुरू झाली की मला "यल्ला, नितीनभाई", म्हणजे चला, असं म्हणतो आणि कान झाकून घेतो. एकदा त्याची बॅटरी संपली आणि त्याला मॅमथ केव्ह ऐकावी लागली. ही गुहा इतकी लांब की रुवैसला जाऊन परत यायचं आणि पुन्हा रुवैस गाठायचं, तरी संपलेली नसते, असं करंदीकरांनी हिंदीत समजावलं. "साब, हम तो हर हफ्ते यही करता है," शाजी म्हणाला. "हमारा भी खतम नहीं होता." करंदीकरांनी गंभीरपणे मान डोलावली.

चुकीची माहिती त्यांना सहन होत नाही. आमच्या एका मित्राच्या लग्नाच्या वाढदिवसाला तो मित्र सहज म्हणाला की त्याच्या भाचीने यलोस्टोन बघितलं, अमेरिकेतलं सगळ्यात मोठं पार्क. करंदीकरांनी त्याचा सुरी धरलेला हात धरला. "सगळ्यात मोठं नव्हे. सगळ्यात पहिलं. सगळ्यात मोठं अलास्कात आहे, त्यात आख्खं स्वित्झर्लंड मावून वर जागा उरते." केक तसाच राहिला. स्वित्झर्लंड मावेपर्यंत कोणाला खायला मिळाला नाही.

पण उंटाची गोष्ट सांगितल्याशिवाय करंदीकर पुरे होत नाहीत. दोन वर्षांपूर्वी आम्ही चार कुटुंबं लिवाच्या वाळवंटात तंबू ठोकून राहायला गेलो. करंदीकर ड्रॅगन मार्टच्या चिनी बाजारातून आणलेली रुंद काठाची रेंजर टोपी घालून आले. पोचल्या पोचल्या त्यांनी सगळे डबे गोळा केले. अन्न तंबूपासून शंभर पावलं लांब ठेवायचं, हा तिकडच्या पार्कांचा नियम. अस्वलं येतात.

"काका, इथे अस्वल कुठून येणार?" मी विचारलं.

"अस्वल येणं न येणं अस्वलाच्या हातात. आपल्या हातात नियम पाळणं."

चार घरच्या बायकांनी सकाळी उठून केलेल्या पुरणपोळ्या, अळूवडी आणि डबल झाकणाच्या डब्यातलं श्रीखंड, सगळं एका टेकाडामागे नीट रांगेत मांडण्यात आलं. संध्याकाळी भूक लागल्यावर आम्ही शंभर पावलं मोजत गेलो तर तिथे तीन उंट होते. ते घाईत नव्हते. पुरणपोळी उंटाला आवडते ही माहिती माझ्या बायकोने अजून करंदीकरांना माफ केलेली नाही. करंदीकरांचं म्हणणं एवढंच होतं, की बघा, अन्न तंबूत असतं तर उंट तंबूत आले असते.

आता मुलीचं सांगतो. करंदीकरांची मुलगी अनघा अमेरिकेत असते आणि हा विषय गाडीत काढायचा नसतो. अनघा इथेच वाढली, पुण्याला इंजिनिअरिंग केलं, वडिलांनी आयुष्यभराची शिल्लक घालून तिला अमेरिकेत कॉम्प्युटरच्या एम.एस.ला पाठवलं. दुसऱ्या सेमिस्टरला तिने फोनवर सांगितलं की ती ते सोडून भूगर्भशास्त्र शिकणार आहे. करंदीकर म्हणाले, "दगड फोडायला नव्हतं पाठवलं तुला." अनघाने फोन ठेवला. त्याला पाच वर्षं झाली. त्यानंतर त्या दोघांचं जे काही बोलणं झालं ते करंदीकरकाकूंच्या मार्फत, आणि तेही पासपोर्ट, ताप वगैरे इतपतच.

मी या दोन गोष्टी कधी जोडून पाहिल्या नव्हत्या. मला आपलं वाटायचं, माणसाला एक वेड असतं. कोणी तिकिटं जमवतं, कोणी पार्कं. मागच्या महिन्यात काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावून दार लोटून घेतलं.

"अनघा येतेय रे. पाच दिवस. हे दोन महिन्यांनी रिटायर होणार, घर बंद होणार, तर तिचं सामान न्यायला येतेय. जिथे दुधाचे दात पडले तिथे व्हिजिट व्हिसावर. आता पुन्हा ती येईल कशाला? आम्ही जाणार त्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये तिचं काय आहे? या पाच दिवसांत बोलले तर बोलले."

"काका बोलतील की. त्यांना काय, सगळी पार्कं पाठ आहेत."

"अरे वेड्या, पाठ का आहेत? ती दगडांच्या कामासाठी पार्कांतून फिरते. फॅमिली ग्रुपवर फोटो टाकते, बाकी एक अक्षर लिहीत नाही. ज्या पार्कचा फोटो, आठवडाभर हे तेच वाचतात. तिथे साप आहेत का, दरड कोसळते का, मदत किती लांब आहे. मग जे उरतं ते तुला सांगतात."

म्हणजे पाच वर्षं आमच्या गाडीचा अभ्यासक्रम ती पोरगी ठरवत होती. मला स्वतःची लाज वाटली, आणि हेडफोनबद्दल शाजीचीही थोडी वाटली.

अनघा आली, करंदीकरांनी रजा घेतली. तीन दिवस त्या घरात तीन माणसं राहिली आणि बाप-लेक दोघंही बोलले ते काकूंशीच. चौथ्या दिवशी, शनिवारी, काकूंच्या सांगण्यावरून आम्ही सगळ्यांना दुपारी जेवायला बोलावलं. अनघा उन्हाने रापलेली, हातावर खरचटल्याच्या खुणा, आणि वडिलांसारखीच कपाळाला आठी घालून बसणारी. मी तिला त्यांच्या समोर बसवलं आणि स्वतः करंदीकरांच्या शेजारी बसलो.

करंदीकर गप्प. भात संपला, ताक आलं, गप्प. ज्या माणसाने केक अडवून धरला तो मीठसुद्धा खुणेने मागत होता. मी विषय अलास्काकडे नेऊन पाहिला. तिथल्या डेनाली पार्कात बर्फावर गाडी ओढणारे कुत्रे नोकरीला असतात, म्हातारे झाले की रिटायर करून त्यांना घर शोधून देतात, हे मला त्यांनीच सांगितलं होतं. ते म्हणाले, "हं. असेल." अनघा मोबाइलकडे बघत होती.

शेवटी माझी मुलगी ईरा कंटाळून म्हणाली, "अंकल, टेल दॅट वन. द स्टोन्स दॅट वॉक."

करंदीकरांनी हातातला खजूर खाली ठेवला. डेथ व्हॅलीत एका सुकलेल्या तळ्यात मोठाले दगड आपोआप सरकतात आणि मागे रेघ उमटते. ही गोष्ट त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली आहे की मी ती झोपेत सांगेन, कारणासकट.

"वाऱ्याने सरकतात," करंदीकर ताटाकडे बघत म्हणाले. "नुसत्या वाऱ्याने. दुसरं काही नाही."

हे साफ चूक होतं. मी तोंड उघडलं, आणि टेबलाखाली माझ्या पायावर त्यांचा पाय पडला. सेफ्टी शूज नव्हते म्हणून बरं.

अनघाने मोबाइल पालथा घातला.

"नॉट जस्ट विंड, बाबा."

"मग?"

"इट्स द आइस."

"वाळवंटात बर्फ?" करंदीकर म्हणाले. इतका भाबडा चेहरा मी त्यांच्यावर कधी पाहिला नव्हता. "काहीतरीच."

"आय हॅव बीन देअर. थांब, दाखवते." तिने रिकाम्या ताटात बोटभर पाणी ओतलं, करंदीकरांच्या पुढची खजुराची बी उचलून त्यात ठेवली. हा दगड. पापडाचा मोठा तुकडा पाण्यावर सोडला. हा बर्फ. थंडीच्या दिवसांत तळ्यात थोडं पाणी साठतं, रात्रीतून गोठतं, काचेसारखा पातळ थर. सकाळी ऊन आलं की तो फुटतो, आणि हलक्या वाऱ्याने त्याचे मोठे तुकडे दगडांना ढकलत नेतात. "आता फुंकर मार, बाबा. हळू. स्लोली."

करंदीकर वाकून फुंकर मारू लागले. पापड बीला जाऊन टेकला आणि बी तसूभर सरकली.

"हो का," ते म्हणाले. "मला हे माहीत नव्हतं."

दाराशी उभ्या काकूंनी पदराने डोळे टिपले आणि वाढायच्या निमित्ताने आत निघून गेल्या. मला त्या माणसाबद्दल इतकी माया वाटली की पुरणपोळ्यासुद्धा मनातून माफ केल्या.

"देअर्स मोर," अनघा म्हणाली. मग मराठीत, जरा चाचपडत, "माझ्याकडे व्हिडिओ आहे. बघणार?"

"बघू," करंदीकर म्हणाले, आणि उठून खुर्ची तिच्या बाजूला ओढून बसले. तेव्हा कुठे माझ्या पायावरचा त्यांचा पाय निघाला.