पीठ वाचणारे आप्पा

आमच्या गल्लीत एक लंगडं कुत्रं आहे. सगळं गाव त्याला 'हाड' म्हणतं, एकटे शेजारचे आप्पा 'अहो' म्हणतात. "अहो तलाठी, सरका जरा, सायकल काढायचीय." कुत्रं ढिम्म हलत नाही. मग आप्पा माझ्याकडं बघून समाधानानं मान डोलावतात. "बघ सूनबाई, जित्तेपनीबी असंच व्हतं. बिस्कीट दाखवल्याबिगर काम न्हाय."

मी लग्न होऊन बेंबळीत आले तेव्हापासून आप्पांची आणि आमची भिंत एकच आहे. मी अंगणवाडीत बाई. दिवसभर पोरांचा कालवा ऐकायचा, घरी येऊन चहाचं आधण ठेवायचं आणि भिंतीपलीकडून ऐकायचं, की पाटलांची नवी म्हैस मागच्या जन्मी कुणाची आत्या होती. डोक्याला नुसता ताप!

आप्पा गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. डॉक्टर सुई टोचेपर्यंत बैलाला धरून उभं राहायचं, जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, यात त्यांची सगळी नोकरी सरली. खूर, पंजा, नख त्यांना पाठ. धुळीतली खूण बघून कुणाची शेळी कुठल्या बांधावर गेली ते सांगायचे. निवृत्त झाल्यावर हीच विद्या त्यांनी पार पुढच्या जन्मापर्यंत नेली.

झालं असं, की आमच्याकडं माणूस गेलं की जीव गेला त्या जागी ज्वारीचं पीठ पसरतात, मध्ये दिवा लावतात आणि वर टोपलं पालथं घालतात. सकाळी टोपलं उचलायचं. पिठात जी खूण उमटली असेल, त्या जन्माला माणूस गेलं असं समजायचं. बाकीच्या गावांत हे घरचेच बघतात. आमच्या गावात आप्पांना बोलावणं जातं.

आप्पा अंघोळ करून, टोपी घालून, हातात बॅटरी घेऊन येतात. पीठ उडू नये म्हणून श्वास रोखून उकिडवे बसतात. बायका हुंदके देत असल्या तर म्हणतात, "गप ऱ्हावा जरा. आधी सबूत, मग रडनं." आणि खरंच सांगते, घर गप होतं! दहावीचा निकाल ऐकायला बसावं तशी सगळी माणसं आप्पांच्या तोंडाकडं बघत बसतात.

तलाठ्यांच्या पिठात कुत्र्याचा पंजा निघाला, आणि पुढच्याच महिन्यात हे लंगडं कुठूनसं येऊन चावडीच्या पायरीवर झोपायला लागलं. तलाठ्यांचा पोरगा पुण्याला मोठा साहेब. त्याच्या कानावर गेलं. तणतणत गाडी घेऊन आला. "आमच्या वडलांना कुत्रं म्हणता? लाज नाही वाटत?" आप्पा शांतपणे म्हणाले, "म्या कुठं कुत्रं म्हनतो? म्या अहो म्हनतो. तूच मघाशी आल्या आल्या हाड म्हनलास." जाताना इकडंतिकडं बघून पोरानं त्या कुत्र्यापुढं बिस्किटाचा अख्खा पुडा फोडला, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा मांजराची पावलं निघाली. मी मनात म्हटलं, चला, सुटले. आठ दिवसांत एक भुरी मांजर आमच्या ओट्यावर येऊन बसली आणि मी कढईत तेल किती ओतते ते टक लावून बघायला लागली. माझा काही असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण त्या मांजरीसमोर मी मोबाइल घेऊन बसत नाही.

एकदा मात्र मी आप्पांना कोंडीत धरलं. "आप्पा, पिठाला उंदीर येतात, झुरळं येतात. रात्रभर टोपल्याखाली झुरळ फिरलं, तर माणूस झुरळ झालं म्हणायचं का?"

आप्पांनी चष्मा कपाळावर चढवला. "म्या आजवर कुनाला झुरळाचा जन्म दिलाय का? सांग की."

मला पटकन कुणी आठवेना, म्हणून मी विषय सोडून दिला.

आप्पांना पुरून उरणारं माणूस एकच, शेवंताकाकू, म्हणजे त्यांची बायको. काकूंचा या सगळ्यावर काडीचा विश्वास नव्हता. ओसरीत बसून शेंगाची चटणी कुटता कुटता त्या नवऱ्यालाही कुटायच्या. वटपौर्णिमेला आम्ही दोघी बरोबर जायचो. वडाला दोरा गुंडाळून आल्या, की उंबऱ्यातच उभ्या राहून आप्पांना सुनवायच्या. "देवाला सांगून आलेय, ह्यो जन्म बास. म्होरच्या जन्मी मी रस्त्यात दिसले तरी वळख दाखवू नका! सांगून ठेवते."

"आगं पन मागच्या जन्मीबी तूच व्हतीस."

"सबूत?"

सबुताचं नाव निघालं की आप्पा खुलायचे. गल्लीतल्या प्रत्येकानं ही गोष्ट दहादा ऐकली होती, तरी अकराव्यांदा सांगायचे. "लगीन होऊन आली त्या दिशी पयल्यांदा मला जेवायला वाढलं. भाकरीचा वरचा पापुद्रा काढला, माझ्या ताटात ठेवला आन् म्हनली, खा. मला पापुद्रा आवडतो हे तिला कुनी सांगितलं? माझ्या आईलाबी ठावं नव्हतं!"

"भाकर करपली व्हती," काकू म्हणायच्या. "पापुद्रा तेवढा बरा व्हता, म्हनून दिला." पण तेव्हापासून एकही जेवण पापुद्र्याशिवाय झालं नाही, हे भिंतीपलीकडून मलाही ठाऊक होतं. "खा" म्हटलेलं रोज ऐकू यायचं.

चार वर्षांमागं उन्हाळ्यात शेवंताकाकू गेल्या. दुपारी शेंगा भाजता भाजता "जरा पडते" म्हणाल्या, त्या उठल्याच नाहीत. मूलबाळ नव्हतं. घरात आप्पा एकटे आणि अर्धवट भाजलेल्या शेंगांची कढई. पीठ मीच पसरलं, दिवा मीच लावला, टोपलं मीच झाकलं.

सकाळी गल्ली जमली. आप्पा अंघोळ करून, टोपी घालून आले, उकिडवे बसले. टोपल्याला हात लावला आणि तसेच थांबले. "गप ऱ्हावा" म्हणायचीही गरज नव्हती, कुणी बोलतच नव्हतं. मग बॅटरी माझ्या हातात देऊन म्हणाले, "सूनबाई, मला दिसंना झालंय. तू बघ. कुठं गेली तेवढं सांग म्हंजे झालं."

मी टोपलं उचललं. पिठात काहीच नव्हतं. साधी मुंगीही फिरली नव्हती. मी हातानं सारखं केलेलं पीठ जसंच्या तसं. आता या माणसाला काय सांगू? आप्पांनी आजवर लोकांना काय काय सांगितलं ते मी भराभरा आठवायला लागले. तलाठी चावडीवर. सासूबाई माझ्या ओट्यावर. तेल्याची म्हातारी त्याच्याच गोठ्यात कालवड. सुताराचा दादा त्यांच्याच अंगणातल्या लिंबावर साळुंकी. आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आप्पांनी एकाही माणसाला गावाबाहेर जाऊ दिलं नव्हतं. ज्याचं त्याला दारात परत आणून दिलं होतं. मी मेली इतकी वर्षं हसत बसले.

"आप्पा," मी म्हटलं, "काकू माणसाच्याच जन्माला गेल्या."

"सबूत?" सवयीनंच विचारलं त्यांनी.

"पिठावर काहीच नाही. पोटातलं बाळ चालतं का? त्याचं पाऊल कुठून उमटायचं?"

आप्पांनी चष्मा पुसला, वाकून त्या कोऱ्या पिठाकडं बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "व्हय. हे माझ्या ध्यानात न्हाय आलं कधी." आणि मग ते मोकळेपणानं रडले. मीही रडले.

त्या वर्षापासून गावात कुठंही बारसं असलं की आप्पा हजर. शेंगाची चटणी पुडीत बांधून न्यायचे आणि पाळण्यावर ओणवे व्हायचे. बाळाची आई बिचकून विचारायची, "काय बघताय, आप्पा?" "काय न्हाय. नाक कुनावर गेलंय बघतो." पोरं मोठी होऊन अंगणवाडीत यायला लागली, तसे आप्पा अंगणवाडीच्या पायरीवर येऊन बसायला लागले. म्हणे खिचडी नीट शिजते का बघायला. मी कितीदा हटकलं, "आप्पा, पोरं तुमच्या चष्म्याशी खेळतात, मोडंल एखाद्या दिवशी." तरी त्यांचं येणं चुकत नाही.

परवाची गोष्ट. मुक्ता म्हणून एक तिखट पोरगी आहे, खालच्या आळीतली, नुकती यायला लागलेली. कुणाला जवळ येऊ देत नाही, मलाही दटावते. घरून दिलेला भाकरीचा तुकडा हातात घेऊन ती पायरीवर आली. आप्पांना तिनं खालपासून वरपर्यंत निरखलं. मग भाकरीचा पापुद्रा सोलला, त्यांच्या हातावर ठेवला आणि डोळे वटारून म्हणाली, "खा!" आणि गेली पळून घसरगुंडीकडं.

माझ्या हातातला खिचडीचा डाव तसाच राहिला. माझा विश्वास नाही, हे मी आधीच सांगितलंय. तरी मी धावत पायरीवर गेले आणि म्हटलं, "आप्पा! सबूत!"

मला वाटलं, आता हे गाव डोक्यावर घेणार, बॅटरी काढणार, पोरीच्या आईला गाठणार. पण आप्पांनी ओठांवर बोट ठेवलं.

"गप बस, सूनबाई," ते हळूच म्हणाले. "वळख दाखवू नका म्हनली व्हती ती."

आणि तोंड रस्त्याकडं फिरवून त्यांनी तो पापुद्रा पुरवून पुरवून खाल्ला.